सात किलोंचा कोट

शनिवारी दुपारी दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढून घरातली चार माणसं कापणीच्या टेबलाभोवती बसली. ज्याच्याबद्दल ठरवायचं होतं तो पाचवा वर, राहत्या घरात, झोपला होता. ह्या घरात आजवर जे काही ठरलं ते ह्याच टेबलावर ठरलं. थोरल्या मुलाने पुढे शिकायचं की कात्री धरायची, धाकटीने बँकेत जायचं की नाही, कोटांच्या जोडीला पडद्यांचं काम घ्यायचं की नाही, सगळं इथेच. फरक इतकाच, की तेव्हा टेबलाच्या डोक्याशी दादा उभा असायचा, हातात खडू घेऊन, आणि बाकीचे आपले माना डोलवायचे. आज ती जागा रिकामी होती आणि तिथे सरकून बसायची कोणाची छाती नव्हती.

"मी सगळं लिहून आणलंय," धाकटी म्हणाली आणि तिने वही उघडली. बँकेत बसून बसून हिला बापाचं आजारपणसुद्धा रकान्यांत मांडायची सवय लागली होती.

"वाच बाई," आत्या म्हणाली. "नाहीतरी वाचल्याशिवाय तू राहणार आहेस थोडीच!"

आत्या म्हणजे दादाची पाठची बहीण. काजं, बटणं, अस्तर, हातशिलाई ही तिची बाजू, आणि गिऱ्हाइकंसुद्धा तिला आत्याच म्हणत. तिने लग्न केलं नाही. आई-वडील गेले तेव्हा ती नऊ वर्षांची होती आणि दादा सतरा. त्याने तिला ह्याच टेबलाखाली चादर अंथरून झोपवलं, वर उभं राहून कापड कापलं आणि तिला वाढवलं. तेव्हापासून दादा म्हणेल ती पूर्व दिशा. पंचावन्न वर्षांची झाली तरी त्यात काडीचा फरक पडला नव्हता.

धाकटीने वाचायला घेतलं. जिभेच्या मुळाशी गाठ, मानेत दोन्ही बाजूंना पसरलेली. ऑपरेशन करायचं तर जीभच जाणार, म्हणून कीमो आणि रेडिएशन दोन्ही एकदम द्यायचं ठरलं होतं. दर शुक्रवारी सलाईनमधून कीमो, आठवड्याचे पाच दिवस रेडिएशन, असे सात आठवडे. कीमोने गाठ हळवी होते आणि मग किरणं तिला नीट जाळतात, असं डॉक्टरबाईंनी समजावलं होतं. मधे खंड पडता कामा नये, खंड पडला की गाठीचं फावतं, हे तर त्यांनी तीनतीनदा सांगितलं होतं. चार आठवडे झाले होते. पस्तीसपैकी वीस बैठका झाल्या होत्या.

"काल डॉक्टर म्हणाल्या, पुढचे तीन आठवडे सगळ्यात वाईट," धाकटी म्हणाली. "घसा आतून भाजून निघणार. आत्ताच पोटात नळी बसवून घ्या, म्हणजे तोंडाने नाही गेलं तरी अन्न-पाणी जात राहील. सोमवारी सांगायचंय. माझं मत, हो म्हणावं."

"माझंही," थोरला म्हणाला. "रोज गाडीतून मी नेतो. येताना थुंकीसुद्धा गिळवत नाही त्यांना. पेला धरून बसतात."

"अरे पण त्याच डॉक्टरबाई म्हणाल्या ना, वजन टिकलंय म्हणून जबरदस्ती नाही?" आत्याने टेबलावर बोट आपटलं. "सांग गं, किती होतं आणि किती आहे?"

"पहिल्या दिवशी बहात्तर किलो चारशे. काल सत्तर नऊशे."

"घ्या! चार आठवड्यांत दीड किलो. एवढं तर माझं नुसत्या काळजीने गेलं असेल. खातोय, पितोय, टिकून आहे, मग धडधाकट पोटाला भोक कशाला पाडायचं? त्याला नकोय ना? मग नको. पोट त्याचं आहे."

"आत्या, तू बाबांचं ऐकून बोलतेस की स्वतःचं डोकं लावून?"

"दोन्ही एकच आहे," आत्या म्हणाली, आणि थोरल्याला त्याही परिस्थितीत हसू आलं.

राहिली वहिनी, दादाची बायको. ती टेबलाच्या कडेला, कापडाच्या तुकड्यांची टोपली मांडीवर घेऊन बसली होती आणि उगीच रंगांप्रमाणे तुकडे वेगळे करत होती. एकतीस वर्षं ह्या घरात तिने असंच केलं होतं. बाकीचे भांडायचे आणि ती काहीतरी निवडत बसायची.

"मला काय कळतंय," ती म्हणाली. "वन्संना जास्त कळतं त्यांच्यातलं. वन्सं नको म्हणत असतील तर नको."

म्हणजे दोन इकडे, दोन तिकडे, आणि दादाचं स्वतःचं मत तर उघडच होतं. धाकटीने वही मिटली. तिने ती जरा जोरातच मिटली.

आता आत्याच्या मनात काय चाललं होतं ते सांगायलाच हवं, कारण ते तिने टेबलावर ठेवलं नव्हतं. दुसऱ्या आठवड्यापासून ती दादाच्या विजारी कमरेत आत घेत होती. गुपचूप, इस्त्रीला म्हणून खाली आणायच्या, अर्धा इंच घ्यायचा, जुन्या दोऱ्याशी जुळणारा दोरा शोधायचा आणि परत कपाटात लावून ठेवायच्या. त्याला कपडे सैल वाटले तर त्याचा धीर सुटेल, एवढाच तिचा हेतू. थोरल्याला माहीत होतं, कारण मशीन त्याचं होतं. करता करता तीन इंच झाले. तीन इंच कंबर गेली आणि दीड किलो वजन, हे गणित जुळत नाही हे जन्मभर टेप गळ्यात घालून फिरणाऱ्या बाईला कळत नव्हतं असं नाही. पण हॉस्पिटलचा काटा मोठा, चकचकीत, त्यावर लाल आकडे. तो काटा चांगली बातमी देत होता. आपल्या टेपपेक्षा तिने त्याच्यावर विश्वास ठेवला. विश्वास ठेवला म्हणजे काय, ठेवावासा वाटला.

वहिनी टोपली ठेवायला आत गेली तशी आत्या थोरल्याकडे वाकली. "खांद्यात कोट लोंबायला लागलाय त्याचा. विजारी झाल्या, आता कोटाचं बघायला हवं. तो उठायच्या आत खांदे उसवून ठेवते."

"कोटाला हात लावू देत नाहीत ते, आत्या."

"झोपलाय ना? मग?"

दादाचा राखाडी लोकरी कोट ट्रायल रूममधल्या खुंटीवर असायचा. दर शुक्रवारी हॉस्पिटलला जाताना तो चढवायचा, मग बाहेर ऊन का असेना. थंडी वाजते म्हणायचा. कीमोने थंडी वाजतच असेल, असं सगळे धरून चालले होते. कोट स्वतः काढायचा, स्वतः टांगायचा, ब्रशही स्वतःच मारायचा. उत्तम कारागिराचे नखरे, दुसरं काय!

आत्याने एका हाताने कोट खुंटीवरून उचलला आणि तो तिच्या हातातून निसटून धप्पकन खाली पडला. कोट पडल्याचा असा आवाज कधी होत नाही. ती वाकली, दोन्ही हातांनी उचलला आणि बाहेर येऊन टेबलावर ठेवला. टेबलाचं फळकूट दणकलं.

"काय गं ते?" धाकटी म्हणाली.

आत्याने खालची दुमड चाचपली. मग पुढच्या दोन्ही पट्ट्या. मग पाठीचं अस्तर. तिचा हात जिथे जाईल तिथे आत काहीतरी कडक होतं, एकसारखं, ओळीने. तिने छोटी कात्री घेतली आणि दुमड उसवली. शिशाची पट्टी बाहेर आली. जाड पडद्यांच्या तळाला, पडदा सरळ पडावा म्हणून घालतात ती, शंभर ग्रॅमची. तिच्यामागे दुसरी. तिच्यामागे तिसरी. प्रत्येकीला अस्तराची स्वतंत्र पिशवी होती, आणि पिशवीला असे बारीक टाके की बाहेरून बोट फिरवलं तरी लागू नयेत.

"हे कोणी..." थोरला म्हणाला आणि थांबला. असे टाके घालणारं माणूस ह्या शहरात एकच होतं.

आत्या उसवत गेली. कधी काय झालं ते तिला टाक्यांवरून कळत होतं. दुमडीतली ओळ पहिल्या आठवड्याची असणार, टाके अगदी मोत्यासारखे. पुढच्या पट्ट्यांवरची दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्याची. पाठीच्या अस्तरातली शेवटची ओळ मात्र वाकडी गेली होती, दोन ठिकाणी दोरा तुटून पुन्हा घेतला होता, आणि एका पिशवीवर तपकिरी ठिपका होता. बोटाला सुई लागल्याचा. दादाच्या बोटाला सुई लागलेली तिने जन्मात पाहिली नव्हती.

पन्नास पट्ट्या निघाल्या. आत्याने त्या टेबलावर ओळीने मांडल्या.

"पाच किलो," धाकटीचा आवाज चिरकला. "कोट स्वतः दोन. म्हणजे सात. पहिल्या दिवशी कोट नव्हता, नंतर दर वेळी काट्यावर कोटासकट. आत्या, सत्तर नऊशेतून सात गेले की किती राहतात कळतंय का तुला? त्रेसष्ट नऊशे! मी दर शुक्रवारी लिहून घेत होते गं. मी लिहीत होते!"

वहिनी दारात उभी होती. कधी आली कोणाला कळलं नाही. तिने कोटाकडे पाहिलं, शिशाकडे पाहिलं, आणि तिथेच उंबऱ्यावर मटकन बसली.

"अगंबाई," एवढंच ती म्हणाली. "अगंबाई गं."

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली.

दादा कठडा धरून एकेक पायरी उतरत होता. अंगात नुसता सदरा. गळ्याची कातडी लालबुंद, काही ठिकाणी काळी पडलेली. कोटाशिवाय त्याला आत्याने कितीतरी दिवसांत असं निरखून पाहिलं नव्हतं. सदऱ्याच्या आत जणू दुसरंच कोणी होतं, त्याच्यापेक्षा धाकटं, अंगाने किरकोळ. त्याने टेबलावरचा पसारा पाहिला. तो दचकला नाही, ओरडलाही नाही. शेवटच्या पायरीवर बसला.

"उसवलास," तो आत्याला म्हणाला. आवाज कसला, नुसती घरघर. "ठमे, पाठीची ओळ वाईट आहे. बघू नकोस ती."

"दादा, काय केलंस हे?" आत्या रडत ओरडली. "अरे काय केलंस काय!"

"बाबा, तुम्ही डॉक्टरांच्या डोळ्यांत धूळ फेकलीत," धाकटी म्हणाली. "कशासाठी? एका नळीसाठी?"

"नळीसाठी नाही गं." त्याने पेला पुढे ओढला, चिकट लाळ थुंकला, तोंड पुसलं. प्रत्येक वाक्याला त्याला असं थांबावं लागत होतं. "माझ्या शेजारी एक सुतार बसायचा. त्याच्याही गळ्यातच. माझ्या पहिल्याच आठवड्यात त्याचं वजन उतरलं. म्हणाले, ताकद नाही, आठवडाभर थांबू." पुन्हा थांबला. "आठवड्याने आलाच नाही तो. मी विचारलं. कोणी काही सांगेना."

"म्हणून?"

"म्हणून काय. खंड पडला तर गाठीचं फावतं, त्याच म्हणाल्या ना? मला थांबायचं नव्हतं. मला पस्तीसच्या पस्तीस हव्या होत्या." त्याने वर पाहिलं. "मला जगायचंय रे. एवढा काय गुन्हा केला?"

थोरला तोंड फिरवून मशीनकडे बघत राहिला.

"आणि ठमे," दादा म्हणाला, "विजारी तू आत घेतेस ते मला पहिल्याच दिवशी कळलं. तुझा टाका मला कळणार नाही होय? म्हटलं, तुझं समाधान होतंय तर होऊ दे."

आत्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती त्याच्यापासून लपवत होती, तो तिच्यापासून, आणि दोघं मिळून त्या खोट्या लाल आकड्यांना खरं ठरवत होती. धाकटी मात्र तोवर दुकानाच्या फोनवर हॉस्पिटलशी बोलत होती. "हो. पाच किलो शिसं. हो, शिसंच म्हणाले मी," असं तिने दोनदा सांगितलं. मग नुसतं ऐकत राहिली. ऐकता ऐकता तिचा चेहरा पांढरा पडला.

"आत्ताच्या आत्ता घेऊन या म्हणाल्या."

*

शनिवार असल्यामुळे रेडिएशनचा विभाग रिकामा होता. डॉक्टरबाई घरूनच आल्या होत्या. त्यांनी दादाला हॉस्पिटलचा पातळ झगा घालायला लावला आणि काट्यावर उभं केलं. आज त्याच्या अंगावर लपवायला काही नव्हतं. लाल आकडे हलले आणि थांबले. त्रेसष्ट किलो चारशे.

"नऊ किलो," डॉक्टरबाई स्वतःशीच म्हणाल्या. "आणि आम्हाला वाटत होतं, ह्यांचं किती छान चाललंय. मी इतर पेशंटना ह्यांचं उदाहरण देत होते हो!"

रक्त घेतलं. सलाईन लावलं. रक्ताचा रिपोर्ट यायला वेळ होता तोवर तंत्रज्ञाने फळीवरून दादाचा मुखवटा काढला. पांढऱ्या जाळीचा, चेहऱ्यापासून खांद्यांपर्यंतचा, उपचार सुरू व्हायच्या आधी गरम करून त्याच्या तोंडावर दाबून बसवलेला. रोज हा मुखवटा टेबलाला घट्ट अडकवायचा, म्हणजे डोकं तसूभरही हलत नाही आणि किरणं आखल्या जागी पडतात. दादा टेबलावर आडवा झाला. तंत्रज्ञाने मुखवटा चढवला, खटके लावले, आणि जबड्याखाली आपलं बोट घातलं. बोट सहज आत गेलं. तो दुसरंही घालू शकला.

"मी ह्यांना दोनदा विचारलं होतं, सैल वाटतोय का म्हणून," तंत्रज्ञ म्हणाला. "दोन्ही वेळा बोटाने 'नाही' म्हणाले. सोमवारच्या फोटोत थोडा फरक दिसला होता. पण वजन स्थिर होतं, म्हणून पुढच्या सोमवारी बघू म्हटलं."

खटके काढल्यावर दादा उठून बसला. त्याने मुखवटा मांडीवर घेतला आणि बोटांनी आतून-बाहेरून चाचपला, गिऱ्हाइकाने परत आणलेला कोट चाचपावा तसा.

"आधी टोचायचा," तो म्हणाला. "मग टोचेनासा झाला. मला वाटलं मानेच्या गाठी बसल्या. मी खूश झालो होतो." तो आत्याकडे वळला. "ठमे, खुणा केल्यावर कापड हललं की कात्री कुठे जाते?"

आत्याने नुसता त्याच्या पाठीवर हात ठेवला. हाताला मणके लागले.

रिपोर्ट आला तेव्हा डॉक्टरबाईंनी सगळ्यांना आपल्या खोलीत बोलावलं. त्या दादाच्या डाव्या बाजूने काहीतरी म्हणाल्या आणि दादाने लक्षच दिलं नाही. त्या पुन्हा म्हणाल्या. मग उठून त्याच्या समोर गेल्या.

"तुम्हाला ऐकू येतंय का?"

"शिट्टी वाजते," दादा म्हणाला. "दोन आठवडे. डाव्या कानात जास्त."

"तेही सांगितलं नाहीत!" डॉक्टरबाई खुर्चीत बसल्या. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, आत्याला वाटलं. त्या रागावल्या नव्हत्या, हबकल्या होत्या. "नीट ऐका. कीमोचा डोस आम्ही उंची आणि वजनावरून काढतो. ज्या माणसाचा डोस आम्ही काढत होतो तो माणूस ह्या खुर्चीत नव्हताच. डोस थोडाच जास्त झाला, पण मुद्दा तो नाही. गुरुवारी मूत्रपिंडांची तपासणी काठावर होती. वजन टिकलंय म्हणजे खाणंपिणं नीट चाललंय, असं समजून मी काल कीमो दिला. पाणी पोटात जात नव्हतं हे कळलं असतं तर दिलाच नसता. आज तोच आकडा दुपटीच्या वर आहे."

"म्हणजे?" थोरल्याने विचारलं.

"म्हणजे कीमो बंद. कानाचं हे ऐकल्यावर तर नक्कीच. रेडिएशन पुढे नेऊ. सोमवारी नवा मुखवटा, नवं स्कॅन, सगळी आखणी नव्याने. तीन दिवस मोडतील, ते दिवसाला दोन-दोन बैठका देऊन भरून काढू. झालेलं सगळं वाया गेलं असं नाही, पण शेवटच्या आठवड्याचं मी आज छातीठोकपणे सांगू शकत नाही. आणि नुसत्या रेडिएशनने गाठ पूर्ण जाण्याची आशा दोन्ही मिळून जेवढी होती तेवढी नाही. कमी आहे. मी खोटं सांगणार नाही."

"आणि आधीच सांगितलं असतं तर?" दादाने विचारलं.

डॉक्टरबाईंनी रिपोर्ट बाजूला ठेवला. "दुसऱ्या आठवड्यात नळी बसवली असती. बहुतेक काहीच थांबलं नसतं."

खोलीत सगळ्यांना तोंडात मारल्यासारखं झालं. थांबायला लागू नये म्हणून केलेल्या गोष्टीनेच थांबवलं होतं. दादाने मान खाली घातली ती वर केली नाही.

"मला एक कळत नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "नऊ किलो म्हणजे गंमत नाही. घरात कोणाच्याच लक्षात आलं नाही?"

"नाही," दादा पटकन म्हणाला. "मी कोणाला कळूच दिलं नाही. ह्यांच्यातल्या कोणालाच माहीत नव्हतं."

तो आत्याकडे बघत नव्हता. बघायची गरजच नव्हती. चाळीस-पंचेचाळीस वर्षं असंच चाललं होतं. तो तिच्यासाठी खोटं बोलायचा आणि ती गप्प राहून ते खरं करायची. आत्ताही तिने फक्त मूग गिळून बसायचं होतं, एवढं सोपं होतं.

"मला माहीत होतं," आत्या म्हणाली.

"ठमे!"

"तू थांब रे. डॉक्टर, मी ह्याच्या विजारी आत घेत होते. तीन इंच. कोटातलं शिसं नव्हतं मला माहीत, देवाशपथ, पण तीन इंच माहीत होते. आकडा खोटा आहे हे माझ्या हातांना कळत होतं. आणि आज दुपारी तरीही मीच म्हटलं, नळी नको."

थोरला म्हणाला, "मलाही माहीत होतं." पण त्याच्याकडे कोणी पाहिलं नाही. सगळे वहिनीकडे बघत होते.

वहिनी उभी राहिली होती. "मी रोज त्यांची पाठ पुसते, वन्सं," ती हळू म्हणाली. "मला दिसत नव्हतं का? दिसत होतं. पण तुम्ही म्हणालात, टिकून आहे. मी म्हटलं, ह्या मापातल्या बाई, ह्यांना कळत असेल. माझे डोळेच फसत असतील." तिचा आवाज चढला. एकतीस वर्षांत पहिल्यांदा चढला. "तुमच्याकडे बघून मी नको म्हटलं हो! माझा नवरा आहे तो! तुम्ही बाहेर जा. आत्ता मला तुम्ही डोळ्यांसमोर नकोत."

"आई..." धाकटी म्हणाली.

"तू मधे पडू नकोस. बाहेर जा म्हटलं ना, वन्सं!"

आत्या उठली आणि बाहेर गेली. कॉरिडॉरमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्यांची रांग होती. ती पहिल्या खुर्चीवर बसली. तिला रडूसुद्धा येत नव्हतं. समोरच्या भिंतीवर हात कसे धुवावेत ह्याची चित्रं होती. ती तिने पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिली आणि पुन्हा पहिल्यापासून पाहिली. आतून आवाज येत होते. डॉक्टरबाईंचा समजावणारा, मुलांचा, मग वहिनीचा. दादाचा आवाज येत नव्हता. नळीचं चाललं होतं. एवढं ऐकल्यावर तरी तो हो म्हणेल असं तिला वाटत होतं, पण आतली कुजबूज संपेना. घड्याळात वीस मिनिटं गेली.

दार उघडलं. वहिनी बाहेर आली. डोळे सुजलेले, हातात संमतीचा कागद. ती आत्यापासून दोन खुर्च्या सोडून उभी राहिली.

"सही करत नाहीत," ती म्हणाली. "आम्ही सगळे सांगून थकलो. मी हात जोडले. दाराकडे बघत बसलेत नुसते. ठमी कुठे गेली, एवढंच विचारतात." तिने कागद पुढे केला. "माझं ऐकत नाहीत. कधीच ऐकलं नाही. तुम्ही सांगा. चला."

ज्या बाईने आत्ताच बाहेर काढलं तीच बोलवायला आली होती, आणि तिला ते किती जड गेलं असेल हे आत्याला दिसत होतं. ती वहिनीच्या मागून आत गेली. दादाने मान वर केली. तिला पाहिल्यावर त्याचे खांदे जरा सैल पडले.

"काय करू, ठमे?" त्याने विचारलं.

'कर सही' म्हणायचं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. तेवढं म्हटलं असतं की काम झालं असतं. तिने म्हटलं असतं आणि त्याने केलं असतं, पुढच्या वेळीही तिलाच विचारलं असतं, आणि वहिनी पुन्हा तुकडे निवडत बसली असती.

"मला विचारू नकोस," आत्या म्हणाली. "मला विचारलंस, मी चुकले, आणि तुझं हे झालं. तिला विचार."

"कोणाला?"

"तुझ्या बायकोला, दादा. ती इथे उभी आहे."

दादा गोंधळला. त्याने आत्याकडे पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि ती काही बोलत नाही म्हटल्यावर सावकाश मान वळवली. मान वळवताना त्याला दुखलं. तो वहिनीकडे बघत राहिला, ओळख पटायला वेळ लागावा तसा.

"अगं," तो म्हणाला. "करू?"

वहिनीने कागद त्याच्या मांडीवर ठेवला आणि पेनाचं टोपण काढून दिलं.

"करा," ती म्हणाली.